रक्त खाली बसतं

रात्री अडीच वाजता दारू प्यायलेल्या, डोकं फुटलेल्या माणसाचा सीटी करणं म्हणजे कुस्तीच असते. दोघं त्याला टेबलावर धरून ठेवतात, तिसरा "मान हलवू नका" म्हणून घसा कोरडा करतो, आणि तरी निम्म्या स्लाइस, म्हणजे डोक्याच्या आडव्या कापांची चित्रं, हललेल्या येतात. अशा रात्री मी पंधरा वर्षं काढल्या. त्यामुळे शवागारातून आलेली पांढरी बॅग पहिल्यांदा आमच्या टेबलावर ठेवली गेली तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिला विचार आला तो 'हे हलणार नाहीत' एवढाच.

मी रेडिओलॉजिस्ट. गेली काही वर्षं फॉरेन्सिक विभागासाठी मृतदेहांचे स्कॅन वाचतो, आणि त्यात डोक्याच्या दुखापती सर्वांत जास्त. लोकांना ऐकून विचित्र वाटतं. "मेलेल्या माणसाचा सीटी? कशाला?" हा प्रश्न लग्नकार्यात सुद्धा विचारला जातो, आणि मी जेवणाच्या ताटावर उत्तर देत नाही. इथे देतो.

तांत्रिक बाजूने बघितलं तर हा रेडिओलॉजिस्टचा स्वर्ग आहे. श्वास नाही, नाडी नाही, हालचाल नाही. किरणांचा डोस जपायचा नाही, त्यामुळे पाऊण मिलिमीटरपेक्षाही बारीक स्लाइस हव्या तितक्या घेता येतात. बॅग उघडायची सुद्धा नसते. सीलचा नंबर टिपायचा, बॅगेसकट टेबलावर, डोक्यापासून पायापर्यंत एक फेरी, डोक्याची वेगळी फेरी, आणि सील न तोडता परत. एकदा बॅगेची धातूची चेन नेमकी कपाळावरून गेली होती आणि सगळ्या चित्रभर पांढऱ्या रेघा पसरल्या. तेव्हापासून प्लास्टिकच्या चेनच्या बॅगा आल्या. कामातल्या अडचणी अशा आणि एवढ्याच असतील, असं मला सुरुवातीला वाटलं होतं.

मग दुसऱ्याच महिन्यात मी तोंडावर आपटलो.

मध्यमवयीन बाई, घरात मृतावस्थेत सापडलेल्या, अंगावर जखम नाही. स्कॅनमध्ये मोठ्या आणि लहान मेंदूच्या मध्ये ड्युराचा, म्हणजे मेंदूभोवतीच्या जाड आवरणाचा, जो तंबूसारखा पडदा असतो, त्याच्या कडेने मला पांढरी पट्टी दिसली. मागच्या बाजूच्या मोठ्या शिराही पांढऱ्याफटक. जिवंत माणसात असं दिसलं असतं तर मी फोन उचलून ओरडलो असतो. मी रिपोर्ट लिहिला: पातळ सबड्युरल (ड्युराच्या आतल्या बाजूचा) रक्तस्राव, डोक्याला मार लागल्याची शक्यता. 'मार' हा शब्द फॉरेन्सिकच्या कागदावर पडला की पुढे काय काय हलायला लागतं, याची मला तेव्हा पुरती कल्पना नव्हती.

दुपारी मॅडमचा निरोप आला, खाली या. आमच्या फॉरेन्सिकच्या मॅडम आवाज चढवत नाहीत, त्याची गरजही पडत नाही. कवटीचा वरचा भाग काढून ठेवलेला, मेंदू बाहेर. त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "दाखवा डॉक्टर, कुठे आहे तुमचं सबड्युरल?" कुठेच नव्हतं. पडदा स्वच्छ. शेजारची शीर त्यांनी कात्रीने उघडली, त्यातून काळपट पातळ रक्त ओघळलं. गाठ नाही, काही नाही. मग त्या एवढंच म्हणाल्या, "रक्त खाली बसतं हो. या उताण्या होत्या." मृत्यूचं कारण हृदयात निघालं.

शाळेत शिकलेली गोष्ट आहे. रक्ताभिसरण थांबलं की लाल पेशी जड म्हणून तळाला जातात, वर पातळ द्रव राहतो. पाठीवर जे जांभळे डाग उमटतात तेच डोक्याच्या आतही होतं. उताणा देह असेल तर मागच्या शिरांमध्ये पेशी दाट होतात, आणि दाट रक्त सीटीवर पांढरं दिसतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण डोळ्यांना पंधरा वर्षांची सवय होती, पांढरं दिसलं की धोका.

जिवंत डोकं वाचायची ती सवय मोडण्यात माझं पुढचं वर्ष गेलं. सीटी म्हणजे शेवटी आकड्यांचा खेळ. पाणी शून्य, हवा उणे १०००, मेंदूचा करडा भाग साधारण चाळीसच्या घरात, पांढरा भाग त्याहून थोडा खाली, नुकतं गोठलेलं रक्त साठ ते ऐंशी, कवटीचं घट्ट हाड हजाराच्या वर. या आकड्यांना हाउन्सफील्ड एकक म्हणतात. मेल्यानंतर करड्या-पांढऱ्यातली सीमा पुसट होते, मेंदू सुजल्यासारखा दिसतो. चित्रात मेंदू काळा पडला की मेंदूभोवतीच्या फटी तुलनेने पांढऱ्या वाटतात आणि नवखा माणूस तिथे सबअरॅक्नॉइड, म्हणजे त्या फटींतला, रक्तस्राव लिहून मोकळा होतो. कुजायला सुरुवात झाली की रक्तवाहिन्यांत वायू भरतो. तो कवटी फुटून आत शिरलेल्या हवेपेक्षा वेगळा ओळखायचा. फुटलेल्या जागेजवळच आहे का, की यकृतात, हृदयातही तसाच आहे? सगळीकडे असेल तर बहुतेक वेळा तो जखमेचा नव्हे, काळाचा.

गंमत म्हणजे हा धडा सीटीच्या जन्माच्या वेळीच मिळालेला होता. गॉडफ्रे हाउन्सफील्ड ब्रिटनमधल्या ईएमआय कंपनीत यंत्र बनवत होते तेव्हा त्यांनी आधी जतन करून ठेवलेला मानवी मेंदू तपासला. करडा आणि पांढरा भाग इतका सुरेख वेगळा आला की सगळे खूश. नंतर कळलं की फॉर्मलिनमुळे आकडे फुगले होते, खऱ्या मेंदूत एवढा फरक नसतो. मग पडताळणीसाठी बैलाचे ताजे मेंदू आणले गेले. पहिल्या रुग्णाचं डोकं स्कॅन झालं ते १ ऑक्टोबर १९७१ ला, लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं. माझ्या दृष्टीने त्या गोष्टीतला मोलाचा भाग तो फॉर्मलिनचाच. मेंदू मेल्यावर त्याचं जे जे होतं, ते आकड्यात उतरतं.

आता उलट बाजू. सुरीला जे जमत नाही आणि स्कॅनला जमतं, ते काय?

डोक्याचं पोस्टमॉर्टेम कसं होतं ते थोडक्यात सांगतो, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडावा. एका कानामागून दुसऱ्या कानामागे छेद घेतात, कातडी पुढे चेहऱ्यावर आणि मागे मानेवर उलटवतात, करवतीने कवटीची टोपी काढतात, ड्युरा सोलतात, मेंदू उचलतात. काम करणारा कितीही कसबी असला तरी या प्रत्येक पायरीला काहीतरी जागेवरून हलतं. कवटी उघडली की शिरांमध्ये हवा शिरते, म्हणजे आधीपासून हवा होती का हे कळायचा मार्ग बंद. करवतीच्या कंपाने जुनी भेग लांबू शकते. आणि कवटीचे पंचवीस तुकडे झालेले असतील तर कातडी उलटवताच ते हातात येतात. त्यांना एकत्र धरून ठेवणारी कातडीच होती. स्कॅनमध्ये ते सगळे आपापल्या जागी असतात. मी माउसने कातडी पुसतो, कवटी फिरवतो, खालून बघतो, परत कातडी चढवतो. मेंदू कुजून पातळ झाला असेल तर टोपी काढताच तो वाहून जातो. स्कॅनवर तो अजून कवटीत असतो, आणि त्यातली रक्ताची गाठ काही वेळा वेगळी ओळखू येते.

भेगांचंही एक शास्त्र आहे. जर्मन डॉक्टर गेओर्ग पुप्पे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक साधा नियम मांडला. नवी भेग जुन्या भेगेपाशी येऊन थांबते, ओलांडून जात नाही. खिडकीच्या काचेला दोन दगड मारून बघा, तेच दिसेल. कवटीवर दोन घाव असतील तर पहिला कुठला आणि दुसरा कुठला हे यावरून काढता येतं, आणि फिरवता येणाऱ्या त्रिमितीय चित्रावर हे काम हातातल्या तुकड्यांपेक्षा किती तरी सोपं होतं. गोळीचंही तसंच. गोळी आत जाताना कवटीच्या आतल्या बाजूला हाड नरसाळ्यासारखं जास्त फुटतं, बाहेर पडताना बाहेरच्या बाजूला. बर्लिनच्या डॉक्टरांनी डोक्यातल्या गोळ्यांच्या जखमांवर सीटी वापरून १९७७ मध्येच निबंध छापला होता. म्हणजे पहिल्या रुग्णानंतर अवघ्या सहा वर्षांत कुणाला तरी हे सुचलं होतं.

तरी हे सगळं रुळायला पंचवीस वर्षं लागली. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठात रिचर्ड डिर्नहोफर, मिखाएल थाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी 'व्हर्टॉप्सी' नावाने हे काम पद्धतशीर सुरू केलं. पहिल्या ४० देहांचा सीटी-एमआरआय आणि पोस्टमॉर्टेम यांची तुलना त्यांनी २००३ मध्ये छापली. नावामागे एक मजा आहे. 'ऑटॉप्सी'चा मूळ ग्रीक अर्थ स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं. त्यातलं 'ऑटो', म्हणजे 'स्वतः', त्यांनी मुद्दाम काढून टाकलं. पाहणाऱ्यावर अवलंबून नसलेलं पाहणं, असा त्यांचा दावा. मला नाव आवडतं, दावा तितका पटत नाही. त्या पडद्यावरचं 'सबड्युरल' मी स्वतःच पाहिलं होतं ना! फरक इतकाच की माझं चुकलं ते चित्र अजून सर्व्हरवर आहे, आणि दुसरा कुणीही ते उघडून मला चूक ठरवू शकतो. मेंदू एकदा कापला की त्याच्याकडे परत जाता येत नाही. मेलबर्नच्या फॉरेन्सिक संस्थेने २००५ मध्ये शवागारातच सीटी बसवला आणि येणारा जवळपास प्रत्येक देह आधी स्कॅन करायला सुरुवात केली, त्यामागे हाही विचार असणार असं मला वाटतं.

जुन्या चित्राने किती काळ दिशाभूल होऊ शकते, याचं उदाहरण प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामनचं. १९६८ मध्ये त्याच्या ममीचा एक्स-रे काढला तेव्हा कवटीच्या आत हाडाचे तुकडे दिसले. झालं, 'राजाच्या डोक्यात घाव घालून खून' ही कथा पुढची पस्तीसेक वर्षं चालली. जानेवारी २००५ मध्ये ममीचा सीटी झाला, सुमारे १७०० चित्रं. तुकडे सुटे होते. ममी बनवताना कवटीत ओतलेल्या राळेत ते रुतलेले नव्हते. जिवंतपणी हाड फुटलं असतं तर ते राळेत चिकटून बसलं असतं. म्हणजे फुटलं ते मेल्यानंतर, ममी करणाऱ्यांच्या हातून किंवा हजारो वर्षांनी ती शोधणाऱ्यांच्या. मेल्यानंतर काय झालं आणि आधी काय, हा प्रश्न तिथेही तोच.

आता एक केस जरा जवळून सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, सकाळी जिन्याच्या पायथ्याशी सापडले. डोक्याच्या मागे कातडी फाटलेली, आणि उजवा डोळा काळानिळा, सुजून बंद. तपास करणाऱ्यांना हा डोळा खटकत होता. मागे आपटले हे ठीक, मग डोळा कसा सुजला? कुणीतरी आधी तोंडावर ठोसा मारला असणार. तर्क चुकीचा नव्हता.

स्कॅनमध्ये मागच्या हाडाला, जखमेच्या खालून निघून कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्राकडे गेलेली सरळ भेग. भेगेखालचा मेंदू जवळपास ठीक. पण कपाळामागे, मेंदूच्या अगदी पुढच्या टोकांना, आणि डाव्या कानशिलाच्या टोकाला, रक्ताळलेले चेचल्याचे ठिपके. डावीकडे सबड्युरल, मेंदूची मधली रेघ नऊ मिलिमीटर उजवीकडे ढकललेली. इथे खाली बसलेल्या रक्ताची शंका घ्यायला जागा नव्हती. इतकं रक्त साचून मेंदू सरकायला हृदय चालू असावं लागतं. म्हणजे पडल्यावर ते काही वेळ जिवंत होते. हे वाक्य रिपोर्टमध्ये लिहिताना माझा हात दर वेळी थोडा थांबतो.

आता पुढच्या टोकांना इजा का? थांबलेल्या डोक्यावर घाव बसला तर मेंदू बहुधा घावाखाली चेचतो. पण वेगात जाणारं डोकं जमिनीवर आपटून एकदम थांबलं, तर इजा बहुतेक वेळा आपटलेल्या जागेच्या विरुद्ध टोकाला जास्त होते. मागे भेग आणि पुढे चेचलेला मेंदू, हा पडण्याचा ठसा आहे. अपवाद असतात, पण इतका ठळक असेल तर वजन त्याच बाजूला जातं.

राहिला डोळा. मी बोन विंडो, म्हणजे हाडं ठळक दिसतील अशी चित्राची मांडणी, लावली आणि डोळ्याच्या खोबणीचं छत बघितलं. हे हाड इतकं पातळ असतं की प्रकाशासमोर धरलं तर पलीकडचं उजळतं. उजव्या छताला केसासारखी भेग, आणि तिच्या खाली, बुबुळाच्या वर, रक्त. गालाचं हाड शाबूत, नाकाचं शाबूत, गालावरच्या चरबीचा थर दोन्ही बाजूंना सारखा. ठोसा बसला असता तर त्याची खूण बाहेरून आत गेली असती. इथे रक्त आतून बाहेर झिरपलं होतं. मागे आपटल्याच्या धक्क्याने ते पातळ छत तडकलं होतं. पुस्तकात वाचलेली गोष्ट, पण इतकी स्वच्छ मी आधी बघितली नव्हती. मॅडमना फोन करताना माझा आवाज जरा जास्तच उत्साही होता, हे नंतर जाणवलं.

त्यांनी उघडलं. सगळं जसंच्या तसं निघालं. आणि मग कातडी उलटवल्यावर डाव्या कानाच्या वर, आतल्या बाजूला, अंगठ्याच्या ठशाएवढा एक डाग. मी धावत वर गेलो, ती जागा माहीत असूनही स्कॅनवर मला काहीच दिसलं नाही. कातडीच्या आतले असे छोटे मुकामार सीटीला निसटतात. तो दुसरा घाव असता तर माझी अख्खी मांडणी डळमळली असती. पण मॅडमनी डागाकडे दिवा वळवला. कडा पिवळसर. मुकामाराला पिवळेपणा यायला निदान अठरा तास लागतात, म्हणजे तो आदल्या रात्रीचा असणं कठीण. त्यांनी तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाठवला, त्यात लोहाचे कण साठवलेल्या पेशी मिळाल्या. मार काही दिवसांचा जुना होता.

पिवळा. माझ्या पडद्यावर हजारो करड्या छटा आहेत, पिवळा एकही नाही.

त्यामुळे नातेवाईक जेव्हा हात जोडून विचारतात, "स्कॅन झालाय ना, मग आता कापणार नाही ना?" तेव्हा मला सोपं उत्तर देता येत नाही. त्यांची इच्छा मला कळते. काही ठिकाणी, जिथे दुखापत ढळढळीत आहे आणि वाद नाही, तिथे स्कॅन आणि बाहेरून तपासणी पुरावी असं माझंही मत आहे. २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या १८२ मृत्यूंचा अभ्यास आला होता. मृत्यूचं कारण सांगण्यात सीटी आणि पोस्टमॉर्टेम यांत मोठी तफावत ३२ टक्के वेळा होती, एमआरआयमध्ये ४३ टक्के. सर्वाधिक चुका हृदयविकार, फुप्फुसातली गुठळी, न्यूमोनिया आणि पोटातली दुखणी यांत होत्या. डोक्याचा मार त्या यादीत नाही, याचा मला आनंद होतो. पण डोक्यातही मेंदूचे तंतू जागोजाग तुटलेले असले, मेंदूच्या देठात मोहरीएवढे रक्तस्राव असले, तर सीटी साळसूदपणे गप्प बसतो. कवटीची स्लाइसच्याच पातळीत गेलेली आडवी भेगही दगा देऊ शकते. आणि जळालेले देह हा वेगळाच ताप. आगीच्या उष्णतेने कवटी तडकते, हाड आणि ड्युरा यांच्यामध्ये रक्त उकळून जमा होतं, आणि ते हुबेहूब मारामुळे झालेल्या एक्स्ट्राड्युरलसारखं दिसतं. बुडबुडे असतील, जळालेल्या बाजूलाच असेल, तर संशय घ्यायचा. नुसत्या चित्रावरून शपथ घ्यायची नाही.

जिन्याच्या केसमध्ये शेवटी तपास अधिकारी माझ्या खोलीत आले. त्रिमितीय कवटी फिरवून दाखवली, डोळ्याचं छत दाखवलं. त्यांनी मन लावून बघितलं आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, एवढं दिसतंय तर मग सांगा ना, घसरले की ढकललं?" मी म्हटलं, डोकं जमिनीवर आपटलं, इतकं कळतं. त्याच्या आधीच्या सेकंदाचं यात काही येत नाही. ते जरा नाराज होऊन गेले.

हल्ली रिपोर्ट उघडण्याआधी मी शवागारात फोन लावतो. तिथले मामा नोंदींपेक्षा जास्त लक्षात ठेवतात. कालचीच गोष्ट. कपाळामागे, मेंदूच्या पुढच्या भागात मधल्या शिरेच्या कडेला पांढरं दिसत होतं, मागे मात्र नेहमीसारखा दाटपणा नव्हता.

"मामा, बारा नंबरची बॅग. सापडले तेव्हा उताणे होते का?"

"नाही हो साहेब, पालथे होते. रात्रभर तसेच होते म्हणे. गाडीत घालताना सरळ केलं."

मी फोन ठेवला, लिहिलेली ओळ खोडली आणि चित्र पहिल्या स्लाइसपासून परत बघायला लागलो.